हुकाची खोली

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं. माझ्या नवऱ्याला मोबाइलवर परदेशी लोकांच्या चाकांवरच्या घरांचे व्हिडिओ बघायचं लागलं. नोकरीत बसच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली पडून असायचा, आता पलंगावर पडून गाड्या बघायचा, एवढाच फरक. गोरी म्हातारी जोडपी गाडीला अख्खं घर जोडून निघतात, थंडीचे चार महिने कुठल्यातरी तळ्याकाठी मुक्काम ठोकतात आणि ऋतू बदलला की घरासकट परत येतात. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. माझं इंग्रजी दवाखान्यापुरतं, त्यामुळे निम्मंच कळायचं. पण एक दिवस भाकरी थापता थापता माझ्या तोंडून निघून गेलं, "असं एखादं आपल्या वावरात उभं केलं तर?"

नवऱ्यानं मोबाइल उलटा करून ठेवला. लग्नानंतर माझं बोलणं त्यानं इतकं लक्ष देऊन फार कमी वेळा ऐकलं असेल.

वावर म्हणजे माझ्या वडिलांचं शेत. देऊळघाटच्या पुढं, पांदणीनं, म्हणजे शेतवाटेनं, आत गेलं की विहीर लागते, तिथून उताराला लागून. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. बदली झाली की एका क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये, आणि सगळ्या क्वार्टरना तोच पिवळा रंग. निवृत्तीनंतर बुलढाण्यात घर बांधलं, तर शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील इतक्या जवळ त्याची भिंत. मला दिवाळी ते होळी वावरात राहायचं होतं. हरभरा घाट्यावर येतो, गव्हाच्या ओंब्या भरतात, हवा कोरडी आणि गार असते. त्या दिवसांत सकाळी दार उघडून समोर पीक दिसावं, एवढीच इच्छा. यात कविता वगैरे काही नव्हती. मला भिंती बघून कंटाळा आला होता.

मग एक खोली का नाही बांधली, असं कुणीही विचारेल. सांगते. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली, आम्ही दोघंच भावंडं, वावर धाकटा भाऊ कसतो. कायद्यानं त्यात निम्मा वाटा माझा आहे. पण आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. तहसीलमध्ये जाऊन सही करायची, भावानं साडी घ्यायची आणि माहेरचं दार उघडं ठेवायचं. माझी सही राहून गेली. भावानं कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही, आणि वाटाही कधी मागितला नाही. विषय तसाच राहिला, झाकून ठेवलेल्या भांड्यासारखा. झाकण काढलं की काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या वॉर्डात एक बाई पाय मोडून महिनाभर पडून होती. तिचा भाऊ दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचा. एकदाही आला नाही. बाईनं वाटा घेतला होता. ती रोज दुपारी भेटीच्या वेळेला केस विंचरून बसायची, ते बघून मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची.

शेतात पायवा भरणं, पक्का पाया घालणं म्हणजे ही जागा माझी असं सगळ्या गावाला ओरडून सांगणं. चाकं असली की तसं होत नाही. आज आहे, उद्या नाही. मला वावरात राहायचं होतं आणि भाऊ गमवायचा नव्हता. दोन्ही एकदम साधेल असं फक्त चाकांवरच दिसत होतं.

नवऱ्याला माझ्या माहेरच्या राजकारणात रस नव्हता. त्याचा प्रश्न यंत्राचा होता. त्यानं पोळपाट, लाटणं आणि पोळ्यांचा डबा घेऊन जेवणाच्या ताटापुढं मला शिकवणी दिली. म्हणे, यात दोन प्रकार. पहिला ट्रॅव्हल ट्रेलर. खोली गाडीच्या मागच्या हुकाला अडकवायची, आपल्या ट्रॅक्टरच्या दोन चाकी ट्रॉलीसारखी. दुसरा फिफ्थ व्हील. यात खोलीची मान पुढं वर निघालेली असते आणि ती पिकअपच्या हौद्यात बसते. हायवेवरचे मोठाले कंटेनर असतात, त्याच पद्धतीनं.

"हुकाची खोली वळणावर शेपटी हालवते," त्यानं लाटण्यामागं डबा ओढून दाखवला. डब्यानं आमटीची वाटी सांडली. "अन् मानेची खोली गाडीच्या अंगावरच बसते. घाटात डुलत नाई. वजन मधोमध. मी तं म्हणतो हेच करू. एक जुनी पिकअप पाहून ठेवली आहे."

"मानेच्या खोलीत पलंग कुठं असते?"

"मानेतच. वर. तीन पायऱ्या चढून जा लागते."

"माहे गुडघे पाह्यले काय तुम्ही?"

त्यावर पंधरवडाभर आमचा वाद चालला. अंगणात त्यानं खडूनं दोन्ही खोल्या काढल्या. खोलीत आरपार चालून बघ म्हणाला, मी चालले, शेजारीण गच्चीवरून बघत होती. एकदा मला चहाच्या निमित्तानं मलकापूर रोडवरच्या धाब्यावर नेलं आणि तासभर कंटेनर कसे वळतात ते दाखवलं. तो बोट करून समजावत होता, मी मान हालवत होते. धाबेवाला आम्हाला परिवहन खात्याचे समजला असावा. दुसऱ्यांदा चहा न सांगता आला आणि पैसे घ्यायला तो काही तयार होईना.

यंत्र म्हणून नवऱ्याचं बरोबर होतं, हे मला कळत होतं. मानेची खोली जास्त स्थिर, जास्त ऐसपैस. पण तिच्यात एक गोष्ट अशी की तिला तिची ठरलेली पिकअपच ओढू शकते, दुसरी कुठलीच गाडी नाही. हुकाची खोली कोणत्याही ट्रॅक्टरला लागते. आणि ट्रॅक्टर भावाकडे होता.

खरं कारण गुडघ्याचं नव्हतं. आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला सणाला माहेरी न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. मुलगी आपल्या आपण पिशवी घेऊन आली तर आई पहिला प्रश्न विचारते, भांडून आलीस का? स्वतःच्या पिकअपला जोडून मी वावरात गेले असते, तर मनात येईल तेव्हा गेले असते आणि मनात येईल तेव्हा परतले असते. ते माहेरी जाणं राहिलं नसतं. भावानं त्याच्या ट्रॅक्टरनं नेलं की मी पाहुणी. मला पाहुणीच व्हायचं होतं.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं अंगणातली खडूची मानेची खोली पायानं पुसून टाकली. "म्हंजे गाडी आपली अन् स्टेरिंग दुसऱ्याच्या हातात," तो म्हणाला. "पाह्य बापा. माहेर तुहं आहे."

भावाला विचारायला आम्ही देऊळघाटला गेलो. तो ओसरीत बसून फवाऱ्याचं नोझल साफ करत होता. ऐकून त्याचा हात थांबला.

"वावरात राहाचं? काऊन ताई, घरात जागा नाई काय आपल्या?"

वहिनी आतून म्हणाली, "लोकं म्हणतीन, नणंदेले घरात घेतलं नाई, वावरात बसवली."

मी चाकांचं समजावून सांगितलं. चार महिने उभी राहील, होळीला परत बुलढाण्याला. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पायवा नाई ना भराचा?"

"नाई."

"मंग काय हरकत आहे?" त्यानं नोझल बाजूला ठेवलं. आवाजच बदलला त्याचा. वहिनीला चहा टाकायला सांगितलं, माझ्या नवऱ्याला एक्सलचं विचारायला लागला. "ओढाले कोणाचा ट्रॅक्टर?"

"तुहा."

"मंग मीच येतो तुले न्याले," तो म्हणाला आणि हसला. मला फार बरं वाटलं. जिंकल्यासारखंच वाटलं, खरं सांगायचं तर.

चिखली रोडच्या एका वेल्डिंगच्या दुकानात खोली तयार झाली. जुन्या ट्रॉलीचा सांगाडा, त्यावर लोखंडी चौकट, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा आणि शेगडी, मधे पाय पसरता येतील एवढी जागा. छतावर सोलरची प्लेट. पुढच्या दांडीखाली जॅक, कारण ट्रॅक्टर सुटला की दोन चाकी ट्रॉली नाकावर पडते. नवरा रोज तिथं जाऊन बसायचा आणि वेल्डरच्या कामात इतक्या सूचना द्यायचा की शेवटी त्या माणसानं त्याच्या हातात गॉगल दिला आणि म्हणाला, घ्या, तुम्हीच करा.

दिवाळी झाल्यावर भाऊ आला. धुतलेला पांढरा शर्ट, ट्रॅक्टर धुतलेला, सीटमागं चिवड्याचा डबा बांधलेला. पिन त्यानं स्वतःच्या हातानं बसवली, वेल्डरला बसवू दिली नाही. खोली निघाली. मी भावाच्या बाजूला मडगार्डवर बसले होते, नवरा मागून स्कूटरवर. वळण आलं की खोली थोडी डुलायची आणि मागून नवऱ्याचं ओरडणं ऐकू यायचं. भाऊ म्हणायचा, "भाऊजी ओरडून राह्यले वाट्टे," आणि मुद्दाम वेग कमी करायचा नाही. पांदणीत बाभळीच्या फांद्यांनी नव्या पत्र्यावर ओरखडे काढले. वावरात त्यानं आधीच मुरूम टाकून जागा सपाट करून ठेवली होती. चाकांना दगड लावले, जॅक टेकवला, पिन काढली. ट्रॅक्टर निघून गेल्यावर खोली जागची हालली नाही, तेव्हा नवऱ्यानं पहिल्यांदा तिला बरं म्हटलं.

ते दोन महिने चांगले गेले. तुरीच्या शेंगा उकडल्या, ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. पहाटे रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप हरभऱ्यात शिरायचे, नवरा ताटली वाजवत धावायचा आणि परत येऊन दम लागल्याचं मला कळू द्यायचा नाही. भाऊ रोज सकाळी पाणी द्यायला आला की माझ्याकडं चहा घ्यायचा. खोलीच्या पायरीवर बसायचा, आत यायचा नाही, पायाला चिखल आहे म्हणायचा. आम्ही वडिलांबद्दल बोलायचो, त्याच्या पोटाच्या त्रासाबद्दल, पुतण्याच्या लग्नाबद्दल. लग्नानंतर आम्ही दोघं बहीणभाऊ इतकं कधीच बोललो नव्हतो. मी सुखात होते. हे असं सरळ लिहायला जरा लाज वाटते, पण होते.

पुतण्या तिशीला आला होता. शिकलेला, निर्व्यसनी, पण शेती करतो. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आता अवघड झालंय. पूर्वी मुलगी बघायला जायचे, आता मुलीकडचे येऊन वावर बघून जातात. विहिरीला पाणी किती, रस्ता आहे का, भाऊबंद किती. संक्रांतीनंतर एक स्थळ बघायला येणार होतं. भावानं मला आदल्या दिवशी सांगितलं. "पाहुणे येऊन राह्यले उद्या. वावर पाहतीन." आणखी काहीतरी सांगायचं असावं, कारण तो पायरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. मग उठून गेला.

मुलीचे वडील आणि मामा आले. विहिरीत वाकून बघितलं, हरभऱ्याचे घाटे फोडून बघितले. मी कशी गप्प बसणार? पुतण्याची सख्खी आत्या. मी हाक मारली, चहाला या. खोलीत घेतलं, बसवलं, घडीचं टेबल उघडून दाखवलं. नवऱ्यानं त्यांना एक्सल आणि हुकाचं व्याख्यान दिलं. मामांना खोली फार आवडली असं मला वाटलं, कारण ते सारखं काही ना काही विचारत होते.

"आत्याबाई, इथं किती दिवस राह्यता?"

"दिवाळी ते होळी."

"दरसाल?"

"आता दरसालच," मी म्हणाले. ठसक्यात म्हणाले.

"मंग हे वावर कोणाचं?"

"आमच्या बापाचं."

मामांनी मुलीच्या वडिलांकडं बघितलं. मग चहा छान झाला म्हणाले. भाऊ दाराबाहेर उभा होता आणि चपलेनं मातीचं ढेकूळ फोडत होता. मला वाटलं, मुलाच्या बापाची धाकधूक आहे.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. खोलीची किल्ली वहिनीकडं देऊन आम्ही बुलढाण्याला आलो. दोन दिवसांत परत येतो म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून रिक्षानं घरी आलो, तर फाटकासमोर खोली उभी. चाकांना दगड लावलेले, जॅक टेकवलेला.

शेजारीण म्हणाली, "तुमचे भाऊ येऊन गेले. चहा घ्या म्हटलं, थांबलेच नाहीत." किल्ली तिच्याकडं दिली होती.

दार उघडलं. आत सगळं जागच्या जागी. कपबश्या टॉवेलांत गुंडाळून टोपलीत ठेवलेल्या, मांडणीला सुतळी बांधलेली, शेगडी पुसलेली, केर काढलेला. वहिनीचा हात. पलंगाखाली ओल्या हरभऱ्याचं पोतं. आणि ओट्यावर, नव्या ब्लाऊजपिसावर नारळ, ओंजळभर गहू, हळदीकुंकवाच्या पुड्या. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची अशी ओटी भरतात. मी तिथं नव्हते, म्हणून त्यांनी माझ्या खोलीची भरली होती.

मी पायरीवर बसले. मला राग आला. इतका राग मला नोकरीत कुठल्या डॉक्टरचाही आला नसेल. नवरा एका डोळ्यावर पट्टी, एका हातानं पत्रा चाचपत खोलीभोवती फिरला, वाकून दांडी बघितली. "काही मोडलं नाई," तो म्हणाला. मी सांगितलं होतं ना, असं तो म्हणाला नाही. त्यासाठी मी त्याची आजही आभारी आहे.

कुणाकडं तक्रार करणार आणि काय म्हणून? भावानं ओटी भरून घरी पोचवलं, यात चुकलं कुठं? होळीच्या आधी पोचवलं, एवढंच. पायव्याची खोली असती तर त्याला माझ्यासमोर येऊन सांगावं लागलं असतं. आम्ही भांडलो असतो, वहिनी मधे पडली असती, कुणीतरी रडलं असतं. मानेची खोली असती तर आमच्या पिकअपशिवाय ती हालली नसती आणि पिकअप माझ्या दारात असती. मी निवडलेल्या खोलीत यातलं काहीच करावं लागलं नाही. पिन घातली आणि ओढली. त्याच्यासाठी सोपं जावं म्हणून मी जी निवडली, ती फारच सोपी निघाली.

संध्याकाळी मी फोन केला.

"पोचलं ना सगळं बराबर?" भावानंच आधी विचारलं. "कप नाई ना फुटले?"

"नाई फुटले. काऊन आणली भाऊ?"

तो म्हणाला, "पाहुण्यायनं नाई म्हणून सांगतलं ताई. म्हणे, आत्या वावरात ठाण मांडून बसली आहे, उद्या निम्मं तिचं निघंन. हे तिसरं स्थळ. पोरगं आता आमच्यासंग जेवत बी नाई. मी काय करू, तूच सांग."

त्याचं खोटं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

"मंग मले तोंडानं सांगाचं असतं."

"तुले जा म्हणू? मी?" तो म्हणाला. "जीभ नाई रेटली ताई. म्हून तू नसताना आणली."

"पुढच्या दिवाळीले येशीन न्याले?"

"पाहू," तो म्हणाला.

मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. त्याचं हो पटकन येतं. पाहू म्हणाला की ते नाही असतं. हातात फोन धरून मी उभी होते, आणि मला एकदम दवाखान्यात केस विंचरून बसणारी ती बाई नको झाली, तिच्यासारखं आपलं होऊ नये म्हणून इतकी वर्षं जपून जपून चालणारी मी नको झाले.

"माहा वाटा मले देऊन टाक भाऊ," मी म्हणाले. "विहीर तुले राहू दे. मले पांदणीकडचं दे. मी पायवा भरीन."

पलीकडं वहिनी काहीतरी विचारत होती. त्यानं तिला गप्प केलं असावं.

"मले माहीत होतं ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला. "एक ना एक दिवस तू हे म्हणशीनच."

मला मात्र माहीत नव्हतं. मी बोलले तेव्हाच मला कळलं.